60 एमबी शिल्लक, तरी 64 केबी मिळेना

कुडाळ-वेंगुर्ला रस्त्यावरच्या एका काजू फॅक्टरीतला सीसीटीव्हीचा कॉम्प्युटर मी सांभाळतो. जुनाच डबा आहे. 2 जीबी रॅम, 64 बिटचं लिनक्स आणि आत कॅमेऱ्यांचं कॅप्चर कार्ड. सबंध पावसाळाभर त्याची एक तक्रार आली नाही. दिवाळीनंतर मात्र मालकांचा फोन आला, "अरे, पावसात बरो चालत होतो, आता काय झाला ह्येका? सकाळी बघतंय तर सगळे काळे."

मी आधी केबल बघितल्या, मग कार्ड काढून गंज पुसला (खाऱ्या हवेत हे सवयीनेच होतं), मग हार्ड डिस्क तपासली. सगळं ठीक. शेवटी लॉग उघडला, तर त्यात "पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर:4" अशी ओळ रोज पहाटेच्या सुमारास पडलेली. रॅम संपली म्हणावं, तर साठेक एमबी अगदी मोकळी दिसत होती. आणि कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मागत होता फक्त 64 केबी.

पावसाळ्यानंतर फॅक्टरीत बदललेली गोष्ट एकच होती, इन्व्हर्टर. पावसात आमच्याकडे लाईट जायची, मशीन बंद पडायचं आणि नव्याने सुरू व्हायचं. इन्व्हर्टर आल्यापासून ते वीस-वीस दिवस अखंड चालू. म्हणजे इतके दिवस महावितरणच्या कृपेने जो आजार झाकला गेला होता, तो आता वर आला. त्या आजाराचं नाव फ्रॅगमेंटेशन, आपल्या भाषेत तुकडे पडणं. तो ओळखायचा कसा आणि आवरायचा कसा, ते इथे क्रमाने सांगतो. यातल्या आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलात ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी तुकडे समजून घ्या

कोकणातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला लागू नये. माझ्या आजोबांच्या नावावर साठ गुंठे जमीन, म्हणजे दीड एकर. ऐकायला बरी वाटते. पण ती चौदा ठिकाणी. वाटणीच्या वेळी प्रत्येक भावाला थोडा कुणगा हवा, थोडी भरड हवी, चार कलमंही हवीत. म्हणून प्रत्येक जमिनीचे तितके हिस्से झाले आणि मध्ये गडगे उभे राहिले. उद्या दहा गुंठ्यांची सलग जागा गोडाऊनला हवी म्हटली, तर साठ गुंठे असूनही ती मिळत नाही. मेमरीच्या भाषेत हे बाहेरचं तुकडीकरण, एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशन. बेरीज पुरेशी, सलगपणा नाही.

दुसरा प्रकार आतला, इंटर्नल. पाच डझनाच्या पेटीत साडेतीन डझन हापूस भरला, तरी गाडीत जागा सबंध पेटीचीच जाते. प्रोसेसर मेमरी 4 केबीच्या म्हणजे 4096 बाइटच्या पानांनी मोजतो. तुम्हाला 5000 बाइट हवे असतील तर दोन पानं, 8192 बाइट, अडकतात आणि 3192 बाइट पेंढा भरल्यासारखे वाया जातात.

या दोघांचं भांडण कायमचं आहे. पान लहान केलं तर आतली नासाडी घटते, पण पानांची संख्या आणि नोंदी वाढतात. पान मोठं केलं तर उलट. मेमरी सांभाळायची प्रत्येक युक्ती एका प्रकारची नासाडी थोडी स्वीकारून दुसरी टाळते. एखाद्याने "आमच्या पद्धतीत फ्रॅगमेंटेशनच नाही" असं सांगितलं, तर त्याने ते कुठे सरकवलंय ते शोधायचं.

आठ अ म्हणजे पेज टेबल

फार पूर्वी प्रत्येक प्रोग्रामला सलग एक पट्टा द्यायचे. एक प्रोग्राम संपला की मध्ये भोक पडायचं आणि पुढच्या प्रोग्रामला ते भोक नेमकं अपुरं पडायचं. भोक निवडायचं कसं, यावर खूप डोकं चाललं: पहिलं मावेल ते घ्या, सगळ्यात घट्ट बसेल ते घ्या, किंवा सगळ्यात मोठं घ्या. गंमत म्हणजे "सगळ्यात घट्ट" ही निवड कागदावर शहाणी वाटते, पण ती मागे इतक्या बारीक चिंध्या सोडते की त्या कुणाच्याच उपयोगाच्या राहत नाहीत. डोनाल्ड नूथ यांनी दाखवलेला पन्नास टक्क्यांचा नियम सांगतो की अशी व्यवस्था स्थिरावली की जितके तुकडे वापरात असतात, त्याच्या साधारण निम्मी भोकं तयार होतात.

यातून सुटका पेजिंगने केली. मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस कॉम्प्युटरवर 1962 मध्ये ती प्रत्यक्षात आली. कल्पना साधी आहे: जमीन सलग असायलाच हवी हा हट्ट सोडा, नोंद मात्र चोख ठेवा. आपल्या सातबाऱ्यावर एका तुकड्याची माहिती असते, तर आठ अ वर एका खातेदाराचे गावातले सगळे तुकडे ओळीने असतात. तुकडे गावभर पांगलेले असले तरी आठ अ वाचणाऱ्याला ती एकच इस्टेट दिसते. पेज टेबल म्हणजे प्रोग्रामचा आठ अ.

एक पत्ता हाताने काढून बघू. प्रोग्राम म्हणतो, मला 20500 वा बाइट द्या. 20500 ला 4096 ने भागा. भाग 5 येतो आणि बाकी 20. म्हणजे पान नंबर 5 आणि त्यातली 20 वी जागा. पेज टेबलात पान 5 समोर लिहिलंय फ्रेम 812 (फ्रेम म्हणजे खऱ्या रॅममधली एका पानाएवढी जागा). खऱ्या रॅममध्ये 812 गुणिले 4096, म्हणजे 33,25,952, अधिक 20. मिळाला 33,25,972. प्रोग्रामला यातलं काहीच कळत नाही. त्याचं पान 6 कदाचित फ्रेम 40 मध्ये असेल. त्याला काय फरक पडतो?

पेज टेबलाचं हे रजिस्टर किती मोठं लागेल, हा हिशेबही करण्यासारखा आहे. 64 बिटच्या नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर पत्ता 48 बिटचा असतो. त्यातले 12 बिट पानाच्या आतल्या जागेला जातात, उरतात 36. प्रत्येक पानाला 8 बाइटची नोंद धरली, तर एका प्रोग्रामचं सपाट रजिस्टर 512 जीबीचं होईल! म्हणून ते चार पायऱ्यांचं झाड केलंय, प्रत्येक पायरीला 9 बिट. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर असं समजा. ज्या तालुक्यात तुमची जमीनच नाही, तिथलं दप्तर उघडायलाच नको.

पण प्रत्येक वेळी चार दप्तरं उघडणं महागात पडतं. म्हणून प्रोसेसर अलीकडे पाहिलेल्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो. त्या साठ्याला टीएलबी म्हणतात. जुन्या तलाठ्याला अर्धं गाव तोंडपाठ असायचं, तसंच हे. मात्र त्याची पाठांतराची ताकद मर्यादित असते. मोठ्या टीएलबीत साधारण दीड हजार नोंदी धरल्या, तर 4 केबीच्या पानांनी जेमतेम 6 एमबी पाठ होते. तेवढ्याच नोंदींत 2 एमबीची मोठी पानं धरली, तर 3 जीबी.

मग सलग जागा हवीच कुणाला?

आता खरी मेख. पेजिंग आलं म्हणजे बाहेरचं तुकडीकरण संपलं, असं बऱ्याच पुस्तकांत वाचून आपण परीक्षा पास होतो. साध्या प्रोग्रामपुरतं ते खरंच आहे. पण तिघांना अजून खरीखुरी सलग रॅम लागते.

पहिली उपकरणं. माझं कॅप्चर कार्ड आठ अ वाचत नाही. पत्ते बदलून देणारा आयओएमएमयू मध्ये नसेल, तर कार्ड थेट रॅमवर लिहितं आणि दिलेल्या जागेपासून पुढे सरळ लिहीत सुटतं. दुसरी ती 2 एमबीची मोठी पानं. त्यांना 512 लहान पानं एकाला एक लागून हवीत, तीही ठरलेल्या हद्दीवरूनच सुरू झालेली. तिसरा खुद्द कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याच्याकडे पांगलेली पानं जोडून सलग भासवायची व्हीमॅलॉक ही सोय आहे, पण ती हळू आहे आणि उपकरणाच्या कामाची नाही.

म्हणजे फ्रॅगमेंटेशन गेलं नाही. ते प्रोग्रामच्या अंगणातून कर्नलच्या परड्यात गेलं.

भावांची वाटणी: बडी पद्धत

लिनक्स मोकळी रॅम बडी पद्धतीने सांभाळतं. केनेथ नोल्टन यांनी ती 1965 मध्ये मांडली. मोकळे तुकडे दुपटी-दुपटीच्या मापांतच ठेवायचे: 1 पान, 2, 4, 8 असं करत नेहमीच्या मशीनवर 1024 पानांपर्यंत, म्हणजे 4 केबीपासून 4 एमबीपर्यंत. ऑर्डर म्हणजे दोनाचा घात. ऑर्डर 0 म्हणजे 4 केबी आणि ऑर्डर 4 म्हणजे 16 पानं, 64 केबी. लॉगमधल्या ओळीचा अर्थ आता लागला असेल.

लहान तुकडा मागितला आणि तेवढा नसेल, तर मोठ्याचे दोन सारखे भाग करायचे. हे दोघे सख्खे भाऊ. दोघेही मोकळे झाले की लगेच पुन्हा एकत्र. भाऊ कोण, हे शोधायची युक्ती सुंदर आहे: तुकड्याच्या सुरुवातीच्या फ्रेम नंबरातला एकच बिट उलटा करायचा. चार पानांचा तुकडा फ्रेम 8 पासून सुरू होत असेल, तर 4 किमतीचा बिट उलटा करून 12 मिळतो. 8 चा भाऊ 12. मग 4 ते 7 हा शेजारचा तुकडा मोकळा असला तर? बांधाला बांध लागून असला तरी तो 8 चा सख्खा नव्हे, तो 0 चा भाऊ. त्या दोघांचं एकत्रीकरण होत नाही. आमच्या भावकीत याहून वेगळं काय चालतं!

या नियमामुळे वाटणी आणि जोडणी फार झटपट होते. त्याची किंमत आतल्या नासाडीत मोजावी लागते, कारण नऊ पानं हवी असली तरी तुकडा सोळाचा निघतो. आणि एक पान जरी अडून बसलं तरी वरची सगळी जोडणी थांबते.

कर्नलला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू, म्हणजे शे-दोनशे बाइटच्या नोंदी, या पद्धतीत भयंकर नासाडी करतील. त्यासाठी स्लॅब ही पद्धत आहे. जेफ बॉनविक यांनी ती सोलारिस 2.4 साठी केली आणि 1994 मध्ये तिच्यावर लेख लिहिला. एकेक पान घेऊन त्यात एकाच मापाच्या वस्तूंचे कप्पे पाडायचे. अंड्याचा ट्रे जसा. लिनक्समध्ये आज यातला स्लब हा प्रकार चालतो.

पहिली पायरी: टंचाई की तुकडे, हे ठरवा

उपाय करायला धावण्याआधी हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही आजारांत लक्षण सारखंच दिसतं, मेमरी मिळत नाही. औषध मात्र वेगळं.

"फ्री" ही आज्ञा द्या आणि "अव्हेलेबल" हा रकाना बघा. "फ्री" या रकान्याकडे पाहून घाबरू नका. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की परत देतं, त्यामुळे तो आकडा लहान असणं ही चांगली गोष्ट आहे. अव्हेलेबल तळाला गेलंय आणि स्वॅपची (रॅममधली पानं डिस्कवर टाकून परत आणण्याची) सतत ये-जा चाललीय, तर ती सरळ टंचाई आहे. प्रोग्राम कमी करा, रॅम वाढवा. ये-जा इतकी वाढली की काम ठप्प होतं, त्याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच दाखवून दिलं होतं की प्रत्येक प्रोग्रामची चालू कामापुरती जी पानं असतात, ती रॅममध्ये मावली नाहीत तर बाकी सगळी हुशारी फुकट जाते. त्या अवस्थेत पुढच्या पायऱ्या वाचून काही उपयोग नाही.

अव्हेलेबल बऱ्यापैकी आहे आणि तरी लॉगमध्ये ऑर्डर 3, 4 किंवा त्याहून मोठ्या मागण्या फसताहेत, तर तुकड्यांचा संशय घ्या.

दुसरी पायरी: बडीइन्फो वाचा

प्रॉक फोल्डरात बडीइन्फो नावाची फाइल आहे. ती "कॅट" करून पाहा. माझ्या फॅक्टरीतल्या मशीनवर डीएमए32 झोनची ओळ त्या सकाळी अशी होती:

6120 2874 731 88 0 0 0 0 0 0 0

(झोन म्हणजे कर्नलने पाडलेला रॅमचा विभाग. 4 जीबीच्या खालची रॅम या झोनमध्ये येते. 2 जीबीच्या मशीनवर जवळपास सगळं इथेच असतं, वेगळा नॉर्मल झोन दिसत नाही.)

डावीकडून पहिला आकडा म्हणजे 4 केबीचे सुटे तुकडे, मग 8 केबीचे, 16 केबीचे, 32 केबीचे, असं पुढे. गुणाकार करून बेरीज घ्या: 24480, 22992, 11696 आणि 2816. एकूण 61984 केबी, म्हणजे साठ एमबीहून थोडी जास्त. आणि पाचव्या रकान्यापासून पुढे शून्यच शून्य. 64 केबीचा एकही तुकडा नाही. साठ गुंठे आहेत, दहा सलग नाहीत.

डोळ्यांनी खात्री पटत नसेल तर कर्नल स्वतःच निदान सांगतो. डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) जोडलेलं असेल तर त्यात एक्स्टफ्रॅग फोल्डर आणि त्यात एक्स्टफ्रॅग इंडेक्स ही फाइल सापडते. प्रत्येक ऑर्डरसमोर एक आकडा असतो. उणे 1 म्हणजे मागणी पुरी होईल, चिंता नको. 0 च्या जवळ म्हणजे टंचाई. 1 च्या जवळ म्हणजे तुकडे. वरच्या ओळीवर ऑर्डर 4 साठी हिशेब केला तर 0.9 च्या आसपास येतो. याहून स्पष्ट काय हवं?

ही ओळ एकदाच पाहून मत बनवू नका. क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) लावून तासाला एकदा तारीख-वेळेसह फाइलीत उतरवत राहा. मशीन सुरू झाल्यावर उजवीकडचे रकाने भरलेले असतात आणि दिवसागणिक ते डावीकडे झिरपत येतात. किती दिवसांत झिरपतात, ते तुम्हाला कळायला हवं.

तिसरी पायरी: मध्ये अडून कोण बसलंय

महाराष्ट्रात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा आहे. कुणाचा तुकडा इकडे, कुणाचा तिकडे असं अदलाबदल करून सलग गट पाडायचे, ही त्यामागची कल्पना. आमच्या वाडीतल्या सातबाऱ्यांवर अजून सर्व्हे आणि हिस्सा नंबरच आहेत, तेव्हा कल्पना किती उतरली ते बघाच. अडचण कुठे येते? भाताचा कुणगा बदलून देता येतो. पण एकाने मधोमध चिऱ्याची विहीर बांधलीय. ती कशी हलवणार?

मेमरीतही हाच भेद आहे. प्रोग्रामची पानं हलवता येतात. पान दुसऱ्या फ्रेममध्ये उतरवायचं, पेज टेबलातला नंबर बदलायचा, झालं. कर्नलची स्वतःची बरीच पानं हलत नाहीत, कारण त्यांचा पत्ता थेट कुठेतरी धरून ठेवलेला असतो. आणखी एक वर्ग आहे, जो हलत नाही पण दबाव आला तर टाकून देता येतो. मेल गॉर्मन यांच्या कामातून लिनक्समध्ये 2.6.24 पासून या तीन वर्गांची पानं वेगवेगळ्या 2 एमबीच्या वाड्यांत ठेवायची पद्धत आली. विहिरी सगळ्या एका बाजूला खणा, शेत मोकळं ठेवा. माझ्या मते तुकड्यांविरुद्धची सगळ्यात मोठी लढाई याच ठिकाणी जिंकली गेली, कारण 512 पानांच्या वाडीत एक न हलणारं पान शिरलं की ती सबंध वाडी मोठ्या पानासाठी बाद.

प्रॉकमधली पेजटाइपइन्फो ही फाइल (रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता म्हणून) उघडलीत, तर कुठल्या वर्गाच्या किती वाड्या आहेत ते दिसतं. "अनमूव्हेबल" हा आकडा आठवडाभर चढतच असेल, तर कर्नलमधलाच कुणीतरी मेमरी धरून बसलाय. "स्लॅबटॉप" चालवून कुठला कप्पा फुगतोय ते बघा. तिथे गळती सापडली, तर एकत्रीकरण करून काही होणार नाही.

चौथी पायरी: एकत्रीकरण

या एकत्रीकरणाची, म्हणजे कॉम्पॅक्शनची, सोय लिनक्समध्ये 2.6.35 पासून, म्हणजे 2010 पासून आहे. झोनच्या खालच्या टोकाकडून एक जण हलवण्याजोगी पानं गोळा करत वर येतो. वरच्या टोकाकडून दुसरा मोकळ्या फ्रेम शोधत खाली येतो. खालचा माल वरच्या रिकाम्या जागांत जातो आणि दोघांची गाठ पडली की काम थांबतं. खाली सलग पट्टा मोकळा झालेला असतो.

हाताने करायचं असेल तर रूट होऊन प्रॉक, सिस, व्हीएम या वाटेने कॉम्पॅक्ट मेमरी या फाइलीत 1 लिहा. लगेच बडीइन्फो पुन्हा बघा. उजवीकडचे रकाने भरले, तर आजार हलवण्याजोग्या पानांचा होता आणि निदान बरोबर. तसेच राहिले, तर विहिरीच जास्त आहेत. तिसऱ्या पायरीवर परत जा.

इंटरनेटवर जो तो "ड्रॉप कॅशेस" मध्ये 3 लिहायला सांगतो. त्याने मोकळी पानं वाढतात हे खरं, पण ती पडतात जिथे होती तिथेच, म्हणजे पांगलेली. शिवाय कॅश गेल्यामुळे पुढचा अर्धा तास डिस्क घरघरत राहते. एकत्रीकरणाच्या आधी जागा करायला क्वचित एकदा ठीक. रोज क्रॉनमध्ये टाकलेलं मी पाहिलंय. ते चूक आहे.

एकत्रीकरणही फुकट नाही. पानं खरोखर कॉपी होतात, टीएलबीतल्या जुन्या नोंदी पुसाव्या लागतात आणि तेवढा वेळ प्रोग्राम अडतो. गर्दीच्या वेळी हाताने करू नका. कर्नल 5.9 पासून पाठीमागे थोडं थोडं एकत्रीकरण करत राहायची सोय आहे. कॉम्पॅक्शन प्रोॲक्टिव्हनेस हा त्याचा खटका 0 ते 100 पर्यंत फिरतो, मूळ किंमत 20. ज्या मशीनवर मोठ्या पानांची गरज सतत पडते, तिथे तो हळूहळू वाढवून बघण्यासारखा आहे.

पाचवी पायरी: आजार होऊच नये म्हणून

इथे तीन गोष्टी कामाला येतात, आणि त्यातली पहिली बाकी दोन्हींपेक्षा मोठी आहे.

सलग जागा हवी असेल तर ती मशीन सुरू होतानाच घ्या आणि सोडू नका. माझ्या फॅक्टरीतल्या प्रकरणाचं मूळ इथेच निघालं. आधीच्या कुणीतरी एक स्क्रिप्ट टाकून ठेवली होती. ती रोज पहाटे कार्डाचा ड्रायव्हर उतरवायची आणि पुन्हा चढवायची, "फ्रेश राहावा" म्हणून. दर वेळी ड्रायव्हर आपली जागा सोडायचा आणि पुन्हा 64 केबीचे तुकडे मागायचा. नुकत्याच सुरू झालेल्या मशीनवर ते मिळायचे. पंधरा-वीस दिवसांनी मिळेनात. मी स्क्रिप्ट काढून टाकली. मोठी पानं हवी असतील, तर तीही बूटच्या वेळीच राखून ठेवता येतात; डेटाबेसवाले बहुतेक हेच करतात.

दुसरी गोष्ट मिन फ्री केबाइट्स ही सेटिंग. कर्नलने तळाशी किती रॅम राखून ठेवायची, ते ती ठरवते. थोडी वाढवली तर साफसफाई लवकर सुरू होते आणि एकत्रीकरणाला हात-पाय हलवायला जागा राहते. आधीचा आकडा वहीत लिहून ठेवा, दुप्पट करा, आठवडाभर बघा. एकूण रॅमच्या 5 टक्क्यांच्या पुढे मी नेत नाही, कारण राखीव जागा इतकी वाढली की खऱ्या कामाला रॅम उरत नाही आणि कर्नल प्रोग्राम मारायला लागतो.

तिसरी, ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस. यात कर्नल न मागताही मोठी पानं द्यायचा प्रयत्न करतो. "ऑलवेज" असेल आणि मशीन अधूनमधून अडखळत असेल, तर "मॅडव्हाइज" करा. मग जो मागेल त्यालाच मिळतात.

प्रोग्राम तुमचाच असेल तर

कर्नल ठाकठीक असूनही एखादा प्रोग्राम सकाळपेक्षा संध्याकाळी दुप्पट फुगलेला दिसतो आणि गळती शोधून सापडत नाही. कारण मॅलॉकच्या (प्रोग्रामला मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनच्या) हीपमध्ये, म्हणजे साठ्यातही, तेच तुकडे पडतात. हीपचं वरचं टोक मागे घ्यायचं तर टोकाशी काही नसावं लागतं. तिथे शंभर बाइटची एक नोंद जिवंत राहिली की खालची सगळी मोकळी जागा अडकली. मालाच्या होडीच्या, पडावाच्या तोंडाशी कुणीतरी एक पोतं ठेवून जावं आणि आतला माल बाहेर काढता येऊ नये, तसं.

उपाय लिहिण्याच्या पद्धतीत आहे. दीर्घकाळ राहणाऱ्या वस्तू सुरुवातीलाच घ्या, मध्येमध्ये नको. एका मापाच्या वस्तूंसाठी वेगळा साठा ठेवा. एका विनंतीच्या कामासाठी घेतलेली सगळी मेमरी एकाच पट्ट्यातून घ्या आणि काम संपल्यावर पट्टाच सोडून द्या. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीवर अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रामची समांतर कामं) चालत असतील, तर ती प्रत्येक कोअरमागे आठपर्यंत वेगवेगळे साठे उघडते. मॅलॉक अरेना मॅक्स हा पर्याय 2 ठेवून पाहा. थोडा वेग जातो, पण फुगवटा बराच उतरतो. मॅलॉकऐवजी जेमॅलॉक वापरून पाहणं हाही चांगला मार्ग आहे.

विंडोज आणि मोबाइल

इथे तुमच्या हातात कमी आहे, त्यामुळे लिहिण्यासारखंही कमी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये "कमिटेड" चे दोन आकडे बघा. पहिला दुसऱ्याच्या अगदी जवळ गेला असेल, तर ती टंचाई आहे. पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) बंद करू नका. रॅम भरपूर आहे म्हणून ती बंद करणारे नंतर "आउट ऑफ मेमरी" घेऊन येतात. विंडोज 10 पासून न वापरलेली पानं रॅममध्येच दाबून ठेवली जातात, अँड्रॉइडमध्ये झेडरॅम हेच करतं. रॅम साफ करणारी ॲप्स मात्र काढून टाका. ती चांगली पानं हुसकावतात आणि पुढच्या मिनिटाला तीच पुन्हा भरावी लागतात.

आणि डिस्कचं डीफ्रॅग वेगळं. ते फाइलींच्या तुकड्यांसाठी, फिरत्या डिस्कवर. एसएसडीवर तसं डीफ्रॅग करून उगाच झीज करू नका, तिथे ट्रिम पुरतं. रॅमशी त्याचा काही संबंध नाही. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी "डीफ्रॅग मारून दे, रॅम कमी पडतेय" म्हणत पीसी घेऊन येतंच.

फॅक्टरीतलं ते मशीन आता एका दमात दोन महिने चाललंय. बडीइन्फोचा पाचवा रकाना मी अधूनमधून लॉगमध्ये बघतो. कधी चाळीस असतो, कधी बारा. मागे एकदा शून्यही होता. त्या दिवशी कॅमेरे मात्र चालू होते, कारण ड्रायव्हरने आपला हिस्सा पहिल्याच दिवशी घेऊन ठेवला होता.